घसारा वजा जाता

बी.कॉम.च्या तीन वर्षांत मी जे काही शिकलो, त्यातले आज एवढेच आठवते, की जगातल्या प्रत्येक वस्तूवर दरवर्षी घसारा काढावा लागतो. तो काढायच्या दोन पद्धती आहेत. स्थिर हप्ता पद्धतीत वस्तूची किंमत दरवर्षी सारख्याच रकमेने उतरते आणि एक दिवस शून्यावर येऊन वस्तू सुखाने डोळे मिटते. ऱ्हासमान शेष पद्धतीत मात्र उरलेल्या किमतीवर टक्केवारी लावतात. त्यामुळे किंमत उतरते, आणखी उतरते, पण शून्य काही होत नाही. मग ती वस्तू मरते कधी, हे पुस्तकात दिलेले नाही. परीक्षेतही विचारत नाहीत.

हा प्रश्न मला पडला तो माझ्या बुलेटमुळे.

ही बुलेट १९८८ सालची. मी ती २००१ साली, नोकरीत कायम झाल्याच्या आनंदात, एका निवृत्त फौजदारांकडून २४ हजार रुपयांना घेतली. १९८८ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच साली आपल्याकडे मोटार वाहन कायदा झाला. म्हणजे कायदा आणि माझी गाडी एकाच वयाची. दोघांतही तेव्हापासून सारख्या दुरुस्त्या होत आल्या आणि दुरुस्तीनंतर दोघेही आणखी दुर्बोध होत गेले. फौजदारसाहेबांनी किल्ली हातात देताना एवढेच सांगितले, "गाडी मी देतोय, सवय तुमची तुम्ही लावून घ्या."

या गाडीचे घराणे मूळचे विलायतेतल्या रेडिच गावचे. घराण्याचे ब्रीदवाक्य 'बंदुकीसारखी घडवलेली' असे होते. आपल्या लष्कराला ही गाडी पसंत पडली आणि १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली. पुढे १९७० च्या सुमारास विलायतेतले माहेर मिटले. पण मद्रासला दिलेली ही लेक मात्र सासरी अशी काही नांदली, की तिला माहेर होते हेच लोक विसरून गेले. आमच्या कोल्हापुरात तर ती पंचगंगेच्या पाण्यावरच वाढली असे मानणारे लोक आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. कारण ते बुलेटवर बसलेले असतात आणि तुम्ही काय म्हणता हे त्यांना ऐकू येत नाही.

जुन्या बुलेटला किक मारणे हे काम नव्हे, तो विधी आहे. तुमच्यापैकी ज्यांनी बटण दाबून गाडी सुरू केली असेल त्यांना याची कल्पना यायची नाही. आधी किल्ली फिरवायची. किकवर पाय ठेवून ती हळूहळू दाबत जायची आणि नजर हेडलाइटच्या वरच्या अँपिअरच्या काट्यावर ठेवायची. काटा आधी एका बाजूला झुकतो. तो मध्यावर परत आला, की समजायचे पिस्टन माथ्यावर आला. मग डाव्या हाताशी असलेली डिकॉम्प्रेसरची इवलीशी कळ दाबायची, किक आणखी दोन बोटे खाली न्यायची, कळ सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि कुलदैवताचे नाव घेऊन अंगातले सगळे वजन एकदम उजव्या पायावर टाकायचे. यात कुठे चूक राहिली तर किक उलटी येते आणि नडगीवर अशी बसते, की कुलदैवताखेरीज इतरही अनेकांची नावे तोंडात येतात.

सगळे नीट जमले की मात्र 'धग् धग् धग्' असा जो आवाज येतो, त्याला तोड नाही. सत्तर मिलिमीटर रुंद आणि नव्वद मिलिमीटर लांब अशा सिलिंडरात एकच एक पिस्टन आपला सावकाश वर-खाली करतो आहे, त्याला घाई नाही, साहेबाची भीती नाही, एकतीस मार्चची चिंता नाही. सरकारी बँकेत काम करणाऱ्या माणसाला हा आवाज जवळचा वाटला, यात नवल काय?

या गाडीने आम्हाला फिरवले म्हणजे किती फिरवले! आंबा घाटातून रत्नागिरी आणि गणपतीपुळे, आजऱ्यावरून आंबोली, राधानगरीवरून फोंडा घाट. गगनबावड्याला तर आम्ही इतक्यांदा गेलो, की तिथे एका वाटेने करूळ घाट उतरतो आणि दुसऱ्या वाटेने भुईबावडा, हे आमच्या गाडीलाच पाठ झाले होते. माणसाने नुसते हँडल धरून बसावे.

मागे बसणाऱ्याची गोष्ट वेगळी. मागे आमची ही. २००५ साली आमचे लग्न झाले आणि तेव्हापासून तिने सगळे कोकण माझ्या डाव्या खांद्यावरून पाहिले. बुलेटवर नवरा-बायकोचे संभाषण शक्य नसते. काही लोक यालाच बुलेटचा मुख्य गुण मानतात. आम्ही आपली एक तारेची भाषा बसवली होती. खांद्यावर एक टिचकी म्हणजे थांबा. दोन म्हणजे हळू. तीन म्हणजे पेट्रोल बघा. चार म्हणजे माझी ओढणी, पर्स किंवा चिरंजीव यांपैकी काहीतरी घसरते आहे. सरकारने २०१३ साली आपले तारखाते बंद केले. आमचे पुढे दहा वर्षे चालू होते.

आता मिस्त्रींविषयी सांगायला हवे. जुनी बुलेट घेणाऱ्याने गाडीच्या आधी मिस्त्री बघावा, असे आमच्याकडे म्हणतात. आमचे मिस्त्री शिवाजी उद्यमनगरातल्या एका बोळात बसतात. वय सत्तरीच्या पुढे, बोलणे मोजके. गाडी बोळाच्या तोंडाशी आली की आतूनच ओरडायचे, "सायब, टॅपेट वाजतोय!" गाडी पाहायची त्यांना गरजच पडायची नाही. फारच गूढ दुखणे असले तर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. मोठमोठे डॉक्टर ज्या गांभीर्याने नळी लावतात, तेच गांभीर्य. फरक एवढाच, की मिस्त्री आधी पैसे भरा म्हणायचे नाहीत.

म्हाताऱ्या इंजिनाला जागोजागी घाम फुटतो. आमच्या गाडीखाली रोज सकाळी तेलाचे दोन ठिपके दिसत. मी काळजीने विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "तेल गळतंय म्हंजे आत तेल हाय. गळायचं बंद झालं की या." एवढे निखळ तत्त्वज्ञान मी अजून कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही. पुढे बँकेत एखाद्या खातेदाराने "शिल्लक फार भराभर कमी होते हो," अशी तक्रार केली, की मीही त्याला हेच सांगू लागलो. "कमी होतेय म्हणजे आहे. व्हायची बंद झाली की या."

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फुटांची, आणि पाणी गेले ५५ फुटांच्या वर. शिरोलीपाशी महामार्ग बंद, गाव तोडलेले. आम्ही माणसे आणि कागदपत्रे घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. बुलेट काही जिना चढेना. ती खाली चार दिवस पाण्यात उभी होती. पाणी उतरल्यावर पाहिले तर टाकीपर्यंत गाळ, आणि सायलेन्सरमधून एक बेडूक बाहेर आला. मिस्त्रींचे दुकानही त्या दिवसांत नीट उघडलेले नव्हते. तरी ते आले, गाडीभोवती एकदा फिरले आणि म्हणाले, "लोखंड हाय. भिजलं तर वाळतंय." तीन आठवडे त्यांनी एकेक भाग उघडून, धुऊन, पुसून, तेलात बुडवून ठेवला. गाडी चौथ्या किकला सुरू झाली तेव्हा बोळातले लोक टाळ्या वाजवत होते. मिस्त्री काही बोलले नाहीत. नुसते हात पुसत राहिले, आणि हात स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिले.

हे सगळे एवढ्यासाठी सांगितले, की २०२३ साली गाडी बदलायचा विषय निघाला तेव्हा माझी अडचण काय होती ते तुमच्या ध्यानात यावे.

विषय निघाला तो तीन बाजूंनी. पहिली बाजू कायद्याची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९८८ मध्ये पंधरा मिळवा आणि मग पाच-पाच मिळवत जा; २०२३ येतेच. मोटारसायकलच्या या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १००० झालेली; शिवाय पर्यावरण कर वेगळा. दुसरी बाजू गुडघ्याची. माझा उजवा गुडघा जिना उतरताना मिस्त्रींच्या भाषेत 'टॅपेट वाजल्यासारखा' वाजू लागला होता. हाडांच्या डॉक्टरांनी विचारले, "जिने फार चढता का?" मी म्हटले, "नाही, किक मारतो." त्यांनी लिहायचे थांबवून माझ्याकडे पाहिले. "कशाला?" हा प्रश्न त्यांनी वैद्यकीय अर्थाने विचारला की आध्यात्मिक, हे मला अजून कळलेले नाही.

तिसरी बाजू हिची. तिने भांडण काढले नाही, रुसवा धरला नाही. एका रात्री चिरंजीवांना ताप चढला म्हणून दवाखान्यात निघालो, तर अकराव्या किकपर्यंत गाडी नुसती खोकत होती. मी गुडघा धरून पायरीवर बसलो. हिने निमूटपणे रिक्षा बोलावली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "अहो, गाडीला काही नाही झालं. ती होती तशीच आहे. तुम्ही नाही आहात तसे." संतापाने बोललेले वाक्य विसरता येते. हे तिने फार हळू आवाजात म्हटले होते.

झाले. चिरंजीवांनी मोबाइलवर सगळा अभ्यास मांडला. मला बुलेटचेच घराणे हवे होते आणि लांबच्या प्रवासाची गाडी हवी होती. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेली मिटिऑर ३५० ही दोन्ही अटींत बसत होती. तिचे तीन प्रकार होते : फायरबॉल, स्टेलर आणि सुपरनोव्हा. ही गाडीची नावे आहेत की खगोलशास्त्राची प्रश्नपत्रिका, हे मला कळेना. पण सुपरनोव्हाला मागच्या माणसासाठी पाठ टेकायची गादी येते, हे कळल्यावर आमच्या घरी पुढची चर्चा झाली नाही. "अठरा वर्षं मी पाठीचा कणा घेऊन बसले, आता जरा टेकते," एवढेच हिने सांगितले.

दुकानात मी बँकेच्या सवयीने जुन्या आणि नव्या गाडीचा तुलनात्मक तक्ता मांडला. जुनीचे इंजिन ३४६ सीसी, नवीचे ३४९ सीसी. म्हणजे फरक तीन सीसी. गाडी रस्त्यावर येईपर्यंत अडीच लाखांच्या आसपास जाणार. भागाकार केला तर दर सीसीमागे ८३ हजार ३३३ रुपये ३३ पैसे पडत होते. हा आकडा मी विक्रेत्या मुलाला दाखवला. तो नम्रपणे म्हणाला, "सर, पण आता पाच गिअर आहेत." मी पुन्हा भागाकार करायला घेणार, तोच हिने पेन काढून घेतले.

ताकद १८ अश्वशक्तीवरून २०.२ वर गेलेली. गिअर चारांचे पाच. इंजिनात थरथर मारायला एक वेगळा दांडा फिरतो. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि चाक घसरू न देणारी एबीएस. कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्शन आले. एक छोटा गोल पडदा मोबाइलशी बोलून डावीकडे वळा, उजवीकडे वळा असे सांगतो. म्हणजे आतापर्यंत हिने जे काम विनामूल्य केले, त्याला आता यंत्र. आणि किक? "किक नाही येत सर," मुलगा म्हणाला. "म्हणजे पर्यायी?" "नाही सर. नाहीच." मी वाकून उजव्या बाजूला पाहिले. जिथे बावीस वर्षे माझा पाय होता, तिथे काहीच नव्हते.

कर्ज माझ्याच शाखेतून घेतले. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या गाड्या बँकेकडे तारण लिहून घेतल्या, त्याने स्वतःच्या गाडीचा ३४ नंबरचा फॉर्म भरताना त्याच कठोरपणे स्वतःची सही तपासून पाहिली. सही जुळली. जरा वाईट वाटले.

नवी गाडी यायला तीन आठवडे होते. आता एकच काम उरले होते : मिस्त्रींना सांगणे.

तुम्हाला वाटेल, यात काय एवढे? पण विचार करा. बावीस वर्षांत मिस्त्रींनी ते इंजिन आठ वेळा उघडले होते. पुरातून वर काढले होते. आणि नव्या गाडीचे काम त्यांच्याकडचे नव्हे. ती जाणार कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. तिथे दुखणे कानाने ऐकत नाहीत, वायर जोडून पडद्यावर वाचतात. गाडी बदलणे म्हणजे बोळ बदलणे होते. उद्यमनगरातल्या त्या लाकडी खोक्यावर बसून चहा प्यायला मला पुढे निमित्तच उरणार नव्हते. आपल्याकडे माणसाकडे नुसते जायची पद्धत नाही. काहीतरी बिघडलेले लागते.

पहिल्या शनिवारी सांगायला गेलो आणि प्लग साफ करून परत आलो. दुसऱ्या खेपेला पॉइंट घासून घेतले. तिसऱ्या खेपेला काहीच सुचेना तेव्हा ऑइल बदलून घेतले. मिस्त्री म्हणाले, "सायब, गेल्या म्हैन्यात तर बदललं की." मी म्हटले, "असू दे, नवं बरं." इतके बोलून 'नव्या'चा विषय पुढे न्यावा म्हणून इकडेतिकडे पाहिले, तर दुकानाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी उभे होते आणि त्यातून एक वायर निघून भिंतीतल्या प्लगमध्ये गेलेली होती.

"हे काय, मिस्त्री? बुलेटला आता चार्जिंग करता की काय?"

मिस्त्री एकदम कार्ब्युरेटरमध्ये बघू लागले. पोऱ्याने मात्र उत्साहाने ताडपत्री उचलली. आत पांढरी स्वच्छ बॅटरीची स्कूटर.

"कुणाची आली दुरुस्तीला?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मिस्त्री हात पुसत म्हणाले, "आमचीच हाय."

"तुमची?"

"दिवाळीला पोरानं आणून दिली. गुडघं गेलं न्हवं. किक बसंना." आणि मग आवाज खाली आणून, "कुनाला सांगू नगा सायब. पाच म्हैनं झाकून ठेवलीया. गिऱ्हाईक काय म्हनंल? बुलेटचा मिस्त्री आनि बसतोय कशावर, तर मिक्सरवर!"

मी त्यांच्या शेजारी खोक्यावर बसलो आणि दोन वाक्यांत सगळे सांगून टाकले. मिस्त्री ऐकत होते. मग त्यांनी माझ्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला, पाय जरा हलवून पाहिला. स्क्रू ड्रायव्हर तेवढा लावला नाही. म्हणाले, "ह्याचं पॅकिंग गेलंय. ह्ये मला जमायचं न्हाई. गाडी द्या. पन कुनाला द्यायची ते मी ठरवनार."

गिऱ्हाइके तीन आली. इथे मला घसाऱ्याचा हिशेब सांगायलाच हवा. २४ हजारांवर ऱ्हासमान शेष पद्धतीने दरसाल पंधरा टक्के घसारा काढला, तर बावीस वर्षांनी गाडीची पुस्तकी किंमत उरते सुमारे ६७२ रुपये. आणि बाजारात लोक लाखाच्या गोष्टी बोलत होते! बिडाच्या इंजिनाच्या या बुलेट २०१० च्या आसपास निघायच्या बंद झाल्या आणि तेव्हापासून त्यांच्या किमती उलट्या चढू लागल्या. वाणिज्य शाखेला हे समजावून सांगता येत नाही.

पहिला गृहस्थ गाडी कापून, तिला जाड टायर लावून, तिचे 'लुक' बदलणार होता. मिस्त्रींनी त्याला चहासुद्धा दिला नाही. दुसऱ्याचे मिसळीचे हॉटेल होते. त्याला गाडी रंगवून दारात उभी करायची होती, लोकांनी तिच्यावर बसून फोटो काढावेत म्हणून. किंमत बोलला एक लाख दहा हजार, तीही रोख. मी मिस्त्रींकडे पाहिले. ते म्हणाले, "चालवनार?" तो म्हणाला, "चालवायची कशाला? इंजिन काढून ठेवलं तरी चालेल." मिस्त्री उठून आत गेले आणि तो गृहस्थ निघून जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

तिसरा इचलकरंजीचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, फौंड्रीत कामाला. एसटीने आला होता. पायातल्या चपला काढून गाडीपाशी गेला. त्याच्या आजोबांकडे अशीच होती म्हणे. त्याच्या लहानपणीच विकून टाकली. मिस्त्रींनी तोंडी परीक्षा घेतली.

"काटा मदी आला. आता?"

"कळ दाबायची, किक थोडी खाली, कळ सोडायची."

"आनि तेल गळाय लागलं तर?"

मुलगा गोंधळला. "काका, गळतंय म्हंजे आत आहे की," असे काहीतरी पुटपुटला. मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याला द्या."

मुलाने ८५ हजार आणले होते. त्यापुढे त्याच्याजवळ नव्हते. पंचवीस हजार सोडणे हे माझ्या पदवीला धरून नव्हते. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या. बँकेत एखादी वस्तू घसारा काढून काढून संपली, तरी ती वापरात असेल तर पुस्तकात एक रुपया किमतीला ठेवायची पद्धत आहे, म्हणजे ती आहे याची नोंद राहते. मी माझ्या घरच्या डायरीत मालमत्तेच्या बाजूला बुलेटचा एक रुपया तसाच ठेवला आहे. लेखापरीक्षकाने, म्हणजे हिने, तो पाहिला आणि खूण करून पुढचे पान उलटले.

मुलाला गाडी नवव्या किकला सुरू झाली. तो बोळातून वळला तरी आवाज बराच वेळ येत होता. तो संपल्यावर मिस्त्री म्हणाले, "तिसऱ्यात जरा लवकर टाकतोय. शिकंल."

नवी गाडी आली. तिच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. तेच जरा चुकल्यासारखे वाटते. पहिला महिना माझ्या पायांनी फार गोंधळ घातला. जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. नवीत नेमके उलट. जुनीत पहिला गिअर वर, बाकीचे खाली. नवीत पहिला खाली, बाकीचे वर. डोक्याने पक्षांतर केले होते, पण पाय अजून जुन्याच पक्षात होते. दसरा चौकात गिअर टाकायला म्हणून गाडी जागच्या जागी थांबायची आणि मागचे लोक कोल्हापुरी पद्धतीने माझी विचारपूस करायचे.

पावसाळ्यात आम्ही दोघे गगनबावड्याला गेलो. धुके होते, करवीच्या झुडपांवरून पाणी ओघळत होते. गाडी कुरकुर न करता चालली होती. आणि एकाएकी मागून आवाज आला, "किती छान आहे नाही?"

मी दचकून गाडी बाजूला घेतली. "काय झालं?"

"काही नाही. छान आहे म्हटलं."

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की आमच्या तारखात्यात थांबा होते, हळू होते, पेट्रोल होते, चिरंजीव घसरतायत हेसुद्धा होते. पण 'छान आहे' याला टिचकी नव्हती. करूळ घाट उतरेपर्यंत ती पाठीमागच्या गादीला टेकून बोलत होती. आंबा घाटात तेव्हा काय पाहिले, आंबोलीला काय वाटले होते, गणपतीपुळ्याच्या वाटेवर मला काय सांगायचे होते आणि ते राहून कसे गेले. अठरा वर्षांची बाकी एकदम खात्यात जमा होत होती. मी फक्त गाडी चालवत होतो. मध्ये एकदा तिने विचारले, "ऐकू येतंय ना?" मी मान डोलावली. जुन्या गाडीचा आवाज मला आवडायचा आणि अजूनही आवडतो. पण त्या आवाजापुढे बोलायचे म्हणजे माणसाला फारच महत्त्वाचे काहीतरी सांगायचे असावे लागे; आणि जे फारसे महत्त्वाचे नाही, तेच घाटात सांगायचे असते.

उद्यमनगरात मी अजून जातो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते आणि काही बिघडलेले नसतानाही जाता येते, असा शोध आम्हा दोघांना लागला आहे. मिस्त्रींनी स्कूटरवरची ताडपत्री काढून टाकली. इचलकरंजीचा मुलगाही गाडी घेऊन येतो. तो बोळाच्या तोंडाशी आला, की आम्ही दोघे एकदमच म्हणतो, "टॅपेट!"

परवा मी नवी गाडी त्यांच्यापुढे उभी केली आणि म्हटले, "मिस्त्री, एकदा ऐकून तर बघा." त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावले, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. फार वेळ ऐकले.

"काय म्हणते?"

"काय न्हाई," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या बँकेगत हाय. भाईरनं समदं गपगार, आत काय चाललंय कुनाला कळत न्हाई."

मी नोकरीला जागून गप्प बसलो आणि चहा सांगितला.